बिनरश्शाची मांडी

तीर्थरूप दलसिंगमामा आणि मामी यांच्या पायांवर तळोद्याहून दिनेशचं डोकं. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत (माझी उजवी भुवई सोडून, तिचं पुढे येईल). मामींचा गुडघा आता कसा आहे, ते जरूर कळवा.

तुम्ही जमवलेले पाहुणे गुरुवारी पुरुषोत्तमनगरहून आले : संध्या, तिचे वडील वीरसिंगबाबा आणि आई जमनाबाई. पसंती त्या दिवशी ठरणार, म्हणून आठवडाभर मला धड झोप नव्हती. वेल्डिंगवाला मुलगा म्हटलं की लोकांना नुसत्या ठिणग्या दिसतात. माझं काम त्यांनी डोळ्यांनी पाहावं आणि जिभेनं चाखावं, असं मला वाटलं. म्हणून परसात तेलाच्या जुन्या पिंपाला झाकण, बिजागरी आणि धुराडं बसवून मांस धुरावर शिजवायची भट्टी केली (पिंप तीनदा जाळून, चारदा धुऊन घेतलं). मोबाइलवरचा परदेशी माणूस त्यात मोठ्या जनावराचं मांस ठेवतो. आपल्याकडे तो विषय नको, म्हणून मी बोकडाची मागची मांडी आणली. आई म्हणत होती, जोडीला रस्सा करते. मीच नको म्हणालो. मामा, ही चूक मी लिहून देतो.

सकाळी सहाला बाभळीचा विस्तव केला. झाकण उघडायचं नाही, असं तो माणूस बजावतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी नुसतं धुराडं पाहून वहीत वेळ लिहीत होतो. पाहुणे अकराऐवजी साडेनऊलाच आले. वीरसिंगबाबांनी भट्टीला दोन फेऱ्या मारल्या, बिजागरी हलवली, मग वाकून खालीही पाहिलं.

"रस्सा कोठे शे, पोऱ्या?"

यात रस्सा नसतो, असं मी सांगितलं. तेवढ्यात मांसाच्या धुराला कंटाळून शेजारच्या शाकाहारी किराणावाल्या धर्मचंद शेठांच्या खिडक्या एकेक करून लागल्या.

बाराला झाकण उघडलं (भडका उडाला, भुवई तेव्हाच गेली). काप काढला, तर कडेनं सुंदर गुलाबी पट्टा! धूर मुरल्याची हीच खूण. मी काप परातीत मांडून पुढे केले. जमनाबाईंनी एक उजेडात धरला.

"आय वं! सहा घंटा व्हयनात, तरी लालच शे. अरे, तू मटन शिजाडी ऱ्हायना का त्याले धुरी दी ऱ्हायना?"

मी पट्ट्याचं महत्त्व सांगू लागलो.

"पट्टा ऱ्हाऊ दे. मिरची कोठे शे?"

त्यांनी पदर खोचला, आईकडून पातेलं घेतलं, रस्सा टाकला आणि उरलेली अख्खी मांडी तोडून त्यात घातली. वीरसिंगबाबांनी तीनदा मागून घेतलं आणि तिन्ही वेळा कौतुक बायकोचं केलं. एकटी संध्या परातीतले काप ओट्यामागे उभी राहून खात होती. मी पाहिलं, तर म्हणाली, "मायले सांगू नको." जाताना 'कळवतो' म्हणाले, म्हणजे संपलंच. भट्टी मी मोडायला काढली आहे. मला तिचं नावही नको.

आपला भाचा,
दिनेश

ता. क. : पाकीट चिकटवताना वीरसिंगबाबांचा फोन आला. सोयरीक मान्य! अट एकच : लग्नाच्या स्वयंपाकात जावयानं हात घालायचा नाही. रविवारी जाऊन माझ्या वतीनं तसा शब्द द्या.

ता. क. दुसरा : शब्द जरा सैल द्या. मागोमाग संध्याचा फोन आला. हळदीच्या दिवशी तिला एक अख्खी मांडी हवी आहे, बिनरश्शाची, आणि तिच्या आईला कळता कामा नये. मी हो म्हणून बसलो. भट्टी उद्याच्या टेम्पोनं खांडबाऱ्याला तुमच्या परसात येते आहे. मामींना आधी विचारलं असतं, पण त्या नाही म्हणाल्या असत्या.