सतराव्या भुकटीचे वारस

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू अशा: कूलरचा पंप लावून केलेले थंड पाण्याचे फिरते यंत्र. भंगारातल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून केलेला निर्वात पंप. मिक्सरच्या मोटरवर फिरणारे, गाळ तळाशी बसवणारे यंत्र. वाळूची शेगडी, जी तापमान एका अंशाच्या आत धरते. परीक्षानळ्यांसाठी सागाचे स्टँड, ज्यात नळ्या उलट्याही उभ्या राहतात. आणि एक पांढरी भुकटी, क्रमांक सतरा. शेवटची सोडून बाकी सर्व वस्तू माझ्याइतकी चिकाटी असलेला कोणीही करू शकला असता.

मी, राजदीप श्रावण दुर्गे, वय चौपन्न, राहणार गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर, कनिष्ठ महाविद्यालयातील माजी प्रयोगशाळा परिचर, हे माझे पहिले आणि एकमेव मृत्युपत्र लिहीत आहे. नागपूरला माझे ऑपरेशन ठरले आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे, डोक्यात नाही, तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर दबाव आला नाही असे मी लिहिणार नाही. आला, आणि मी तो मानला नाही.

हे लिहिण्याचे कारण एकच. भुकटी क्रमांक सतरा माझ्यामागे विकली जाऊ नये.

१. राहते घर, खालची जागा आणि बँकेतील मुदत ठेव पत्नी आशाबाई हिला, पूर्ण मालकीने. तिच्या स्वयंपाकाचे गंज, म्हणजे पातेली, मी एकेक करून मागच्या खोलीत नेले. ती शेजारणींना सांगायची, "आमच्या घरी भाजी कमी शिजते, मोहाचं तेलच जास्त शिजते." हे खरे आहे. ठेवीच्या पहिल्या व्याजातून तिने नवे गंज घ्यावेत. जाड बुडाचेच घ्यावेत, पातळ बुडाला तेल करपते.

२. भुकटी म्हणजे काय, हे वारसांना नीट कळावे म्हणून लिहितो. तिच्या प्रत्येक रेणूच्या एका टोकाला साखरेचा तुकडा आहे, दुसऱ्या टोकाला मोहाच्या बियांच्या, म्हणजे टोळीच्या तेलातली चरबी. तेलात पडले की हे रेणू एकमेकांना धरतात. त्यांचे धागे होतात, धाग्यांचे जाळे होते आणि पातळ तेल त्या जाळ्यात अडकून जागच्या जागी घट्ट होते. तापवले की पकड सुटते, गार केले की पुन्हा बसते. जाळे मी विणत नाही. आपले आपण विणतील असे रेणू मी केले. या शास्त्राला सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र म्हणतात. ते मी बारावीनंतर कोणत्याही वर्गात न बसता, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. सात शोधनिबंध माझ्या नावावर छापले गेले. ते आणि तो शब्दकोश महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावेत. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नयेत.

३. पहिल्या सोळा भुकट्या माझ्याकडून वाया गेल्या. नळीत घट्ट बसायच्या, मे महिना लागला की वितळायच्या. जगातल्या प्रयोगशाळांत पंचवीस अंश असतात, आमच्याकडे मे महिन्यात सत्तेचाळीस, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. उत्तर मला शेजारच्या जिल्ह्यातल्या धानोऱ्याकडे टोळी विकत घ्यायला गेलो तेव्हा मिळाले. तिथल्या महिला गटाची प्रमुख मंगली कोलू नरोटे यांच्या अंगणात हिवाळ्याच्या सकाळी तेलाचे मडके थिजलेले होते. त्या वरचे पातळ तेल वेगळे ओतून घेत होत्या.

मी विचारले, "हे काऊन करता?"

"पातळ दिव्याले, थिजलं ते भाजीले. तुमच्याकडे दोनी एकातच टाकतेत का?"

मी दोन्ही एकातच टाकत होतो. पातळ भाग माझे जाळे सैल करत होता. नुसते थिजलेले तेल घेऊन केलेली सतरावी भुकटी बहात्तर अंशांपर्यंत हलली नाही. आनंदाने मी धानोऱ्याला निरोप पाठवला. त्यावर मंगलीबाईंचा उलट निरोप असा आला: "लय चांगलं झालं भाऊ. मंग माहं नाव कुठी लिहाल?"

प्रश्न रास्त होता. पेटंट निम्मे माझ्या आणि निम्मे गटाच्या नावे आहे, आणि मंजूर आहे.

४. पेटंटमधील माझा निम्मा हिस्सा आणि खोलीतील सर्व यंत्रे मुलगी करिश्मा हिला. ती नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. तिने गटाच्या संमतीने भुकटी बनवण्याचा परवाना वाटेल तितक्या लोकांना द्यावा आणि त्याचे पैसे घ्यावेत. परंतु हिस्सा विकू नये, गहाण ठेवू नये, आणि धानोऱ्याच्या बायकांना भुकटी करण्यापासून अडवणाऱ्या कोणत्याही कागदावर सही करू नये. तिला ही अट जाचक वाटली तर तिने हिस्सा सोडावा, तो आपोआप गटाकडे जाईल. "बाबा, मी काऊन सोडीन?" असे ती म्हणाली आहे. तरी लिहून ठेवणे बरे.

५. भुकटी कामाची आहे का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी: गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या रस्त्यावर टँकर उलटून डिझेल गावतलावात गेले. पाणी कमी, मासे तडफडत होते. टेम्पोवाला लटारू कोवे याने धानोऱ्याहून गटाने केलेल्या भुकटीची पोती आणली, सोबत गटाच्या बायका आल्या. बघ्यांपैकी एकाने बिडी काढली, तेव्हा मंगलीबाई कडाडल्या, "फेक ते आधी! नाईतं मिशी बी राह्याची नाई!" भुकटी शिंपडली. सगळे पाण्याकडे पाहत होते, मी घड्याळाकडे. डिझेलवर साय धरली, साय जाड झाली. बायकांनी हातमोजे घालून ती पाट्यांत भरली. माझा मेव्हणा विनोद काठावरून ओरडला, "उलटी करून दाखवा ना पाटी!" मंगलीबाईंनी त्याच्या पायाशी पाटी उलटी धरली. थेंब पडला नाही. बाहेर ऊन सेहेचाळीस अंश होते, मी मोजले.

६. सदर विनोद अकरा वर्षे मला प्रत्येक लग्नात सर्वांसमोर विचारत असे, "काऊन भाऊजी, डालडा बनला का नाई?" त्याला भुकटी सतराने घट्ट केलेल्या तेलाची एक मोहोरबंद परीक्षानळी द्यावी. त्याने ती टीव्हीवर उलटी ठेवावी. आतले तेल ज्या दिवशी खाली येईल, त्या दिवसापासून त्याला डालडा म्हणण्याची मुभा आहे.

७. पुतण्या विक्की याला माझी मोटरसायकल. भुकटी विकून टाकावी म्हणून तो चार महिने माझ्या मागे होता. "काका, एक सही मारा, सगळ्याइची जिंदगी बनते," असे म्हणायचा. मुलगा वाईट नाही, घाईचा आहे. मोटरसायकलचे ब्रेक नवे टाकले आहेत.

८. माझ्यामागे त्रिशरण पंचशील घ्यावे, बाकी विधी करू नयेत. भाषणे होणारच, पण विनोदच्या हाती माईक देऊ नये.

९. या मृत्युपत्राला कोणी न्यायालयात आव्हान दिल्यास सोबतचे परिशिष्ट वाचावे. ते याचाच भाग असून त्या पानावर आम्हा तिघांच्या, म्हणजे माझ्या आणि दोन साक्षीदारांच्या, वेगळ्या सह्या आहेत.

ठिकाण: गोंडपिपरी. दिनांक: २४ जून २०२५.

(सही) राजदीप श्रावण दुर्गे

राजदीपभाऊंनी हा मजकूर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, दोन ठिकाणी स्वल्पविराम दुरुस्त केले आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळत नाही.

(सही) डॉ. प्रिया रामटेके, गोंडपिपरी
(सही) लटारू कोवे, टेम्पोचालक, धानोरा

परिशिष्ट

उद्या कोणी म्हणेल, राजदीप दुर्गे साधा माणूस, आपल्या हातात काय आहे हे त्याला कळले नाही. म्हणून हे लिहितो. आशाबाईलाही मी आकडा सांगितलेला नाही, तो तिला इथेच कळेल.

मागच्या डिसेंबरात मुंबईच्या एका कंपनीचे दोन गृहस्थ माझ्याकडे आले. मंगलीबाई हजर होत्या. पेटंट पूर्ण विकत हवे होते. कारखाना दुसऱ्या राज्यात, तेल परदेशातून येणारे, आणि पेटंटची मुदत संपेपर्यंत आमच्या दोन जिल्ह्यांत कोणी भुकटी करायची नाही, अशी अट.

मी म्हणालो, गटाची संमती लागेल.

मोठे गृहस्थ हसून म्हणाले, "दुर्गेसाहेब, तुम्ही हो म्हणा. बायकांचं आम्ही बघून घेऊ."

मंगलीबाई म्हणाल्या, "कुठी पाहून घेशीन बाबू? आमी इथीच बसून आहो."

त्या गृहस्थांनी कागदावर रक्कम लिहून माझ्याकडे सरकवली. मी ती वाचली. शून्ये दोनदा मोजली, मंगलीबाईंना वाचून दाखवली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवलेला, कोणावरही रागावलेला नसताना नाही म्हणालो. त्या कागदावरील रक्कम रुपये ३,७५,००,०००/-, अक्षरी तीन कोटी पंचाहत्तर लाख फक्त.