आरशातलं इंधन

३ जुलै

हेडलाइट! माझ्या रेणूला हेडलाइट!

आमचे संचालक कृष्णस्वामी आज लॅपटॉप छातीशी धरून प्रयोगशाळेत आले. संस्थेच्या वर्धापनदिनासाठी ॲनिमेशन करून घेतलंय. त्यात माझं यंत्र एका लाल नळीतून – ती म्हणे रक्तवाहिनी – रिक्षासारखं धावतं आणि कॅन्सरच्या पेशीला धडक देतं.

"मंत्री येणार, मॅडम. त्यांना दिसायला काहीतरी पाहिजे."

म्हटलं, सर, ते काचेच्या नळीत जागच्या जागी फिरतं. एकाच दिशेला फिरतं का, हेही अजून पक्कं नाही.

"आलेख तर तुम्हीच दाखवलात!"

दाखवला. त्याची उलटतपासणी अजून व्हायचीय, हेही तेव्हाच सांगितलं होतं. ते कुणी ऐकलं नाही. चहा आला होता.

४ जुलै

जेवताना आईची चौकशी. "सुष्मी, तुझं यंत्र वेट ग्राइंडरएवढं तरी आहे का गे?"

दिसतच नाही आई. एकच रेणू. त्याचे दोन तुकडे, एक दुसऱ्याभोवती फिरतो. वीज नाही, बॅटरी नाही. इंधनाचा रेणू येतो, चिकटतो, वापरला जाऊन सुटतो.

"म्हणजे इंधन ढकलतं त्याला."

इथेच अख्खी संस्था चुकते! ढकलत नाही. तिथे सगळंच सतत हेलकावे खात असतं – पुढे, मागे, पुन्हा पुढे. इंधन फक्त परतीचं दार लावतं. मागे जाता येत नाही, म्हणून पुढे.

"आणि दळतं काय?"

काही नाही.

"मग पगार कसाला देतात गे?" – आणि रसम वाढलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. मंत्र्यांनी याहून बरा प्रश्न विचारला तर हेडलाइट मान्य!

८ जुलै

जॉर्ज टाउनच्या रसायनांच्या दलालाकडून बाटली आली. डाव्या इंधनाची.

आजवर वापरलं ते उजवं. रेणूंचीही हातमोज्यांसारखी जोडी असते – सगळं तेच, फक्त आरशातलं. आता डावं घालून बघायचं. इंधनच दिशा ठरवत असेल तर यंत्र उलटं फिरायला हवं. तरीही आलेखात तीच दिशा दिसली, तर ती रेणूची नव्हे, मोजमापातली खोट – आणि आमची हौस.

कृष्णस्वामींना सांगितलं. "समारंभानंतर करा ना!"

आधी करणार.

"मग खोलीचं बघावं लागेल, मॅडम. शेजारी उदयसिंहांच्या बॅटरी-संशोधनवाल्यांना जागा कमीच पडतेय." धमकी इतक्या मऊ आवाजात देतात की आभार मानावेसे वाटतात. मानले नाहीत.

खोली गेली तर खरी आपटते ती माझी विद्यार्थिनी शरण्या. पीएच.डी. तिची, रोज एन्नोरहून कारखान्यांचा धूर खात येते तीही तीच. म्हटलं, तू नको म्हणालीस तर थांबते. ती हातमोजे चढवत होती. "हेडलाइटवाल्या रेणूची डॉक्टर म्हणून मिरवू का मॅडम? अय्यो! घाला डावं."

१४ जुलै

त्याच दिशेला.

१५ जुलै

पुन्हा केलं. ताजी नळी, ताजा रेणू. त्याच दिशेला. शरण्या नळ्या धूत राहिली. धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

कृष्णस्वामी म्हणाले, "हे तुमच्या-माझ्यात राहू दे." तुमच्या-माझ्यात! आजवर एका लिफ्टनंसुद्धा आम्ही दोघं कधी गेलो नाही.

१८ जुलै

वर्धापनदिन. मंत्रिमहोदय, शाल, चंदनाचा हार, तुडुंब सभागृह. फिल्म लागली. हेडलाइट आता दोन झालेत.

मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी बरेच बोलले. "हे यंत्र रक्तात धावत नाही. ते एका दिशेला फिरतं असा आमचा दावा होता. आम्ही तो तपासला. टिकला नाही. दावा मागे घेते."

मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या – भाषण संपलं एवढं त्यांना कळलं. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कृष्णस्वामींनीही, दात आवळून.

दुपारी उदयसिंह मोजपट्टी घेऊन हजर. "सॉरी हं, सुष्मिताजी. तुमचा फ्यूमहूड, ते वाफा ओढणारं कपाट, इथेच ठेवाल ना?"

म्हटलं, ठेवते. त्यात एखादं खरं विधानही ठेवून जाईन. सवय करून घ्या.

घरी आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आवाज मागपर्यंत पोचला का?" पोचला, आई.

२४ जुलै

खोली रिकामी करताना शरण्यानं दोन्ही बाटल्यांतलं उरलेलं इंधन पोलरिमीटरमध्ये घालून पाहिलं. उजवं प्रकाशाला एका बाजूला वळवतं, डावं दुसऱ्या. इथे दोन्हींनी तो एकाच बाजूला वळवला! दलालानं उजवाच माल दिला, लेबल तेवढं डावं. यंत्र हरलेलंच नाही – त्याची परीक्षाच झाली नाही. आणि बाटली न तपासता मंत्र्यांसमोर सत्य सांगणारी मी! उद्या कृष्णस्वामींच्या दारात उभी राहून दुसऱ्यांदा चुकले म्हणणार आणि खोली परत मागणार. हसू देत.