लाल कापडाचा रंग

१० फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी उठल्याबरोबर संडासात एक बादली ओतली, मग दुसरी. लाल दिसलं होतं – या महिन्यात तिसऱ्यांदा. हात धुऊन देवापुढे बसलो. नाम ओठांवर, लक्ष पोटात.
बायको म्हणाली, "चार महिने झाले, जेवलात की पोट धरून बसता. आत काय पुठ्ठे ठासलेत?" हसलो. रक्ताचं बोललो नाही.
लपवणं आम्हा भावांना छान जमतं!

१२ फेब्रुवारी
बाइंडिंगच्या कारखान्यात आज लाल कापडाचा गठ्ठा आला. कच्चा रंग. खळ लावली की बोटं लाल होतात.
दादा शेजारच्याच टेबलावर असायचा. त्याला रक्त जायचं ते फक्त मला माहीत होतं. "गॅस आहे रे, दुसरं काय! घरी बोललास तर देवाची शपथ आहे तुला." एकदा वहिनीने विचारलं, "भावजी, यांच्या कपड्यांना हे डाग कसले?" मी म्हणालो, "कापडाचा रंग, वहिनी." शपथ पाळली म्हणून तेव्हा बरं वाटलं होतं. वर्षभराने दादा आतड्याच्या कॅन्सरने गेला.
त्यालाही दहा वर्षं झाली. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते.

१६ फेब्रुवारी, सोमवार
बायकोने शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे नेलंच. रक्ताचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.
डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला आतड्याचा आजार?" मी म्हणालो, "नाही." जीभ कशी वळली?
बायकोने हळूच कोपर मारलं. मी भिंतीवरचं आतड्याचं चित्र बघत बसलो.

२० फेब्रुवारी
दुर्बिणीची तपासणी झाली. कालपासून ते औषधाचं पाणी पिऊन पिऊन पार धुऊन निघालो.
दोन गाठी निघाल्या. काढल्या, तपासायला पाठवल्या. "अजून दोन वर्षं अंगावर काढली असती, तर –" डॉक्टर तिथेच थांबले. मग मी दादाचं सांगितलं.
"गेले तेव्हा वय?"
"एकेचाळीस."
त्यांनी चष्मा काढला. "आणि तुम्ही मला नाही म्हणालात! मुलं आहेत त्यांना?"
"एक मुलगा. तिशीचा."
"त्याला लवकर पाठवा. त्रास नसला तरी."

२२ फेब्रुवारी, रविवार
पुतण्याला फोन केला. खदखदून हसला. "काका, तुमचं दुखणं मला कशाला चिकटवता? दुखतं माझंही पोट कधीमधी. गॅस आहे हो, दुसरं काय!"
शब्द न् शब्द बापाचा.
बाबांना अचानक झालं, महिन्यात संपलं, असंच त्याला ठाऊक आहे. खरं सांगितल्याशिवाय तो हलणार नाही. आणि खरं आधी वहिनीला सांगायला हवं.

२५ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. माझ्या गाठी साध्या निघाल्या. देवाचे आभार मानायला बसलो आणि मान वर करवेना.

२६ फेब्रुवारी
वहिनीच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. देवा, शपथ तुझी होती, पण भित्रा मी!

१ मार्च, रविवार
गेलो. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुतण्या दारातच थबकला होता.
वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दहा वर्षं तुमच्या तोंडाकडे बघवलं नाही, ते रागाने नाही, भावजी. धुणारी मीच ना? रंग पाण्यात सुटतो, रक्ताचा डाग बसतो – हे मला कळत नव्हतं होय? तुम्ही रंग म्हणालात. मला तेच हवं होतं."
पुतण्याने पायात चप्पल सरकवली. "काका, डॉक्टर कधी असतात?"
बुधवारचा नंबर लावून ठेवलाय. सोबत मी जाणार – आणि वहिनीही.