चेअरमनांच्या केबिनमधलं टर्मिनल

सर,

तुम्ही गेलात हे मला फोनवर कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. फोन खांद्याला धरून सगळं ऐकलं, कुठल्या दवाखान्यात होतात, कोण कोण आलं होतं, किती माणूस जमलं होतं. हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आणि ती टम्म फुगली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, बरं झालं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मलाही कळतं. पण तुम्ही जिवंत होतात तेव्हा तुम्हाला तोंडावर खोटारडे म्हणायला मला जमलं नाही, आणि आता तुम्ही ऐकू शकत नाही म्हणून मी गप्प बसायचं, हा कुठला न्याय? तुम्ही माझ्याशी जे केलंत त्याला पुष्कळ वर्षं झाली. राग शिळा झाला असेल असं मला वाटलं होतं. तो शिळा झालेला नाही.

तुम्ही मला शिकवलंत, हे पहिल्यांदा मान्य करते, नाहीतर तुम्ही म्हणाल की कृतघ्न आहे. तंत्रनिकेतनात वर्गात आम्ही मोजक्याच मुली होतो आणि बाकीचे मास्तर आम्हाला बघून न बघितल्यासारखं करायचे. तुम्ही तसं केलं नाहीत. माझ्या हातात तारा डागायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न दिलंत, मी बोट भाजून घेतलं तेव्हा म्हणालात, "भाजलं की आठवणीत राहतं, पुढचं कर." तुमचा एक नियम होता, तो तुम्ही फळ्यावर कधी लिहिला नाहीत पण रोज बोलायचात. बिघाड झाला की आधी तार बघायची, मग मशीन बघायचं, आणि माणसावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आम्ही मुली तुमची नक्कल करायचो, चष्मा नाकावर ओढून, आधी तार, आधी तार. ती नक्कल प्रेमानं केलेली होती.

मग तुम्ही नोकरी सोडून सूतगिरणीत गेलात, तिथला कॉम्प्युटर विभाग उभा करायला, आणि मला बोलावून घेतलंत. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता तो. कोल्हापुरात तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोक हात जोडायचे. आपल्या खोलीत चपला काढून यायचं, एसी फक्त मशीनसाठी, माणसांसाठी नाही. मशीन एकच, ते चालवणारी प्रणाली युनिक्स, आणि त्याच्यापासून निघालेल्या वायरी आपापल्या टेबलावरच्या टर्मिनलपर्यंत गेलेल्या. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, डोकं सगळं त्या एका मशीनमध्ये. ते युनिक्स मशीनमध्ये बसवायला आपण फ्लॉप्यांची चळत घेऊन बसलो होतो. एकामागून एक घालायची, कर्रकर्र ऐकायचं, आणि जवळजवळ शेवटाला येऊन एक फ्लॉपी वाचता येईना. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला रडू आलं. चकतीवर अंगठा लागला होता माझा. तुम्ही रागावलात, भयंकर रागावलात, मग दुसरी प्रत काढलीत आणि पहिल्यापासून सुरू केलंत, आणि पडद्यावर लॉगिन हा शब्द उमटला तेव्हा तुम्ही शिपायाला बाहेर पाठवून पेढे आणवलेत. पहिला पेढा मला दिलात. या एवढ्या गोष्टीसाठी मी पुढं कितीतरी दिवस तुमच्यासाठी जीवही दिला असता. हे मुद्दाम लिहितेय. तुम्ही काय मोडलंत ते कळायला हवं.

त्या वर्षी खंडेनवमीला गिरणीत सगळ्या साच्यांना, सूत कातायच्या यंत्रांना, झेंडूचे हार पडले. हत्यारांची पूजा, मग नवीन मशीन कसं वगळायचं? पण एसीच्या खोलीत उदबत्ती नको म्हणून तुम्ही तोड काढलीत: माझ्या टेबलावरचं टर्मिनल उचलायचं आणि चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये पूजेला मांडायचं. शिपायानं ते नेलं, हळदकुंकू लावलं, हार घातला, समोर नारळ. वायर तिथपर्यंत पोचणारच नव्हती. पण टर्मिनलला नुसती वीज दिली तरी पडदा उजळतो आणि ठिपका लुकलुकतो. तुम्ही एक कळ दाबलीत आणि चेअरमनसाहेबांचं नाव टाइप केलंत, ते पडद्यावर आलं. ते मशीनमधून आलं नव्हतं, टर्मिनलचं टर्मिनललाच आलं होतं, पण साहेबांना ते काय माहीत.

"ह्यात समदा हिशेब दिसतोय व्हय?" त्यांनी विचारलं.

"दिसतो साहेब," तुम्ही म्हणालात.

"मग ऱ्हाऊ दे की हितंच. पावणं आलं की दाखवाय बरं."

तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं की साहेब, हे जोडलेलं नाही, वायर टाकावी लागेल. तुम्ही हसलात आणि व्हय म्हणालात. पुढं रोज जो कोणी पाहुणा येई त्याला साहेब तो लुकलुकता ठिपका दाखवायचे आणि सांगायचे की मी हितनं सगळ्या गिरणीवर नजर ठेवतो. मी विभागातल्या दुसऱ्या मुलीच्या टेबलाशी खुर्ची ओढून काम करायला लागले. माझ्या टेबलामागं माझी वायर तशीच लोंबकळत राहिली, मशीनच्या बाजूनं जोडलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी, पंख्याच्या आणि स्टॅबिलायझरच्या वायरीबरोबर एका दोरीनं बांधलेली.

आणि मशीन रांगायला लागलं. पगारपत्रक निघायला दुपार लागायची. मुख्य पडद्यावर एकसारखा मजकूर येत राहायचा, सात नंबरच्या लाईनवरून कुणीतरी चुकीचं नाव घालतंय, चुकीचा पासवर्ड घालतंय, परत घालतंय. त्या मोकळ्या वायरीत काय चाललं होतं ते आज कुठलंही शिकाऊ पोर सांगेल. मशीन विचारतं, कोण आहे? टोकाला कुणीच नसतं, पण स्वतःचाच प्रश्न घुमून त्याच्या कानावर परत येतो आणि ते त्यालाच उत्तर समजतं. मग पासवर्ड विचारतं, परत तेच. दिवसभर आपलं आपल्याशीच भांडण, बाकीची कामं गेली वाऱ्यावर. पण मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मी नवीन होते. मला एवढंच कळत होतं की सात नंबरची लाईन माझी आहे.

चेअरमनसाहेबांनी बोलावलं. तुम्ही आधीच आत उभे होतात. सुकलेला हार तसाच होता टर्मिनलवर. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सात नंबरवरून कुणीतरी हिशेबात शिरायचा प्रयत्न करतंय साहेब. सात नंबर हिचा."

"मी काय केलो न्हाय सर," मी म्हणाले. "माझं टर्मिनल तर हितं हाय की. मी कुठनं करणार?" आणि मी बोट दाखवलं.

तुम्ही बोटाच्या दिशेनं बघितलंत. टर्मिनलकडे, मग टर्मिनलच्या मागं, जिथं फक्त विजेची वायर होती. आणि मी तुमचा चेहरा बघत होते, सर. तो चेहरा मी वर्गात तीन वर्षं बघितला होता, बिघाड सापडला की तुमची डावी भुवई जराशी वर जायची. ती गेली. तुम्हाला त्या क्षणी सगळं कळलं. तुम्ही तोंड उघडलंत, आणि मला वाटलं सुटले. पण वायरीचं सांगायचं म्हणजे इतके दिवस साहेबांना रिकामा डबा दाखवून फसवलं हेही सांगणं आलं.

"हे कुठूनही करता येतं साहेब," तुम्ही म्हणालात. "मुलगी हुशार आहे."

"मग हुशारी घरात दाखीव म्हणावं," साहेब म्हणाले, आणि माझी नोकरी गेली.

हुशार. माझ्याबद्दल हा शब्द घरी आईनं, शाळेत बाईंनी, किती जणांनी वापरला असेल, पण त्याचा सुरा तुम्ही केलात. गल्लीत सांगितलं गेलं की पोरगी गिरणीच्या हिशेबात हात घालत होती. वडील तुमच्याकडे आले होते, आठवतं? वयानं तुमच्यापेक्षा मोठे, टोपी हातात घेऊन. तुम्ही त्यांना बसवलंत, चहा दिलात, गोड बोललात. ते घरी आले आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, "खरं सांग बाई, काय केलतंस तू?" मी म्हणाले काहीच नाही. "सर खोटं कशापायी बोलतील?" एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर मला चाललं असतं.

आणि मी गेल्यावर मशीन सुरळीत चालायला लागलं. सगळ्यांना पुरावाच मिळाला. पण ते आपोआप सुधारलेलं नव्हतं. ती लाईन आतून बंद करायला मुख्य पासवर्ड लागतो आणि तो फक्त तुमच्याकडे होता. म्हणजे मला घालवल्यावर तुम्ही चपला काढून आत गेलात, शांतपणे सात नंबर बंद केलात, आणि घरी जाऊन जेवलात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच न्यायाधीशाशेजारी उभा होता. हे कोडं मला पुढं कोल्हापुरातच, शाहूपुरीतल्या एका दुकानात उलगडलं. मशीन विकणारं आणि दुरुस्त करणारं दुकान होतं ते. तिथं मला काम मिळालं आणि एका गिऱ्हाइकाकडचा असाच घोळ मी स्वतः मोकळी वायर उपटून थांबवला. त्या दिवसापासून मी फक्त संधीची वाट बघत होते.

वाट फार बघावी लागली नाही. दोनेक वर्षांनी गिरणीच्या मशीनची हार्ड डिस्क गेली, नवी बसली, तुम्ही सगळं युनिक्स पुन्हा पहिल्यापासून घातलंत. आणि नव्यानं घातलं की सगळ्या लाईनी परत चालू होतात. मशीन परत रांगायला लागलं, नवी डिस्कच खराब निघाली असं तुम्हाला वाटलं, सात नंबर तुम्ही विसरूनच गेला होतात, आणि आमच्या दुकानात फोन आला. मालकानं मला पाठवलं. मी नवी साडी नेसून गेले. मुख्य पडद्यावर सात नंबर बघितला आणि मला इतका आनंद झाला की हसू दाबावं लागलं. मशीनमागची सात नंबरची वायर उपटली असती तर काम तिथंच संपलं असतं. मी नाही उपटली. मी म्हणाले, "चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये चला. बिघाड तिथं आहे." तुमच्या चेहऱ्याचा रंग उडाला, आणि तो मी डोळे भरून बघितला.

केबिनमध्ये दोन पाहुणेही बसले होते, आणखी छान. हार आता प्लास्टिकचा होता. मी म्हणाले, "साहेब, आज गोदामात सूत किती आहे, ह्याच्यावर दाखवता का?" साहेबांनी तुमच्याकडे बघितलं. मी टर्मिनल फिरवलं आणि त्याची रिकामी पाठ सगळ्यांसमोर केली. सांगितलं, हे कधीच कशाला जोडलेलं नव्हतं, ह्याची वायर तिकडं लोंबकळतेय, मशीन त्या मोकळ्या वायरीशी बडबडत बसतं, आणि त्या बडबडीपायी मला चोर ठरवलं गेलं. हे वाक्य मी घरी भांडी घासताना कितीदा म्हटलं होतं. मग मी थांबले. मला वाटलं, आता साहेब तुम्हाला जाब विचारतील आणि तुम्हाला सगळं कबूल करावं लागेल.

साहेब मोठ्यानं हसले. "मला ठावं हुतं की," पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "शोभंला ठेवलंय ते."

पाहुणे हसले. झाकली मूठ परत झाकली गेली. आणि तुम्ही, सर, तुम्ही पुढं आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "बघितलंत साहेब? माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी. आधी तार बघते."

"लई तयार केलाय की पोरीला," साहेब म्हणाले. "चा सांगा."

चहा आला. चोर हा शब्द कुणी परत उच्चारला नाही आणि कुणी मागेही घेतला नाही. नाव धुऊन निघावं ही माझी दोन वर्षांची भूक, आणि तुम्ही त्यातही स्वतःच्या पोळीवर तूप ओढून घेतलंत. गावात गोष्ट पसरली ती अशी की सरांच्या विद्यार्थिनीनं गिरणीचं मशीन चुटकीसरशी दुरुस्त केलं. वडिलांच्या कानावर तीच गेली. किती खूश झाले होते. "बघ," म्हणाले, "सरांनी मनात काय ठेवलं न्हाय." मी त्यांना ताट वाढलं. पुढं वडील वारले तेव्हाही त्यांची समजूत अशीच होती की पोरीकडून काहीतरी चुकलं होतं आणि मोठ्या मनाच्या माणसानं पोटात घातलं. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. वरती भेटलात तर तिथंही नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोन आला. तुमच्यावर पुस्तक काढतायत, प्रत्येकानं दोन पानं लिहायची. पहिला लेख सरांच्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थ्याचा असावा म्हणाले, मी नाही म्हटलं तर दुसरं एक नाव आहे त्यांच्याकडे. मी रागानं फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. हे काही मी त्यांना देणार नाही, कुणालाच देणार नाही. पण आता लिहितेच आहे तर तेवढंही लिहिते. त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही डोक्यावर हात ठेवलात तेव्हा मी मान वाकवली होती, आणि मला बरं वाटलं होतं. आणि आज सकाळी मी त्या पोरांना परत फोन केला. पहिला लेख मी देते म्हणाले. दुसरं नाव तिथं छापलेलं मला बघवलं नसतं.