डाव्या हाताच्या चांदण्या

बुधवार, १२ नोव्हेंबर

खोटं बोलले. तेही इतकं बिनडोक, की माझं मलाच हसू आलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीतली उजव्या बाजूची गाठ दाबून पाहिली. "बहुतेक साधीच असेल, पण सोनोग्राफी करून घेऊ," म्हणाल्या आणि पुढच्या बुधवारची वेळ दिली. घरी आले तर नवरा दारातच — "सुट्टीच्या दिवशी कुठे उंडारत होतीस?" टेबलावर मासिक उघडं पडलं होतं, त्यात विणलेल्या चांदण्यांचा फोटो. तोंडातून निघून गेलं, "क्रोशाचा वर्ग लावलाय. दर बुधवारी. वर्षअखेरच्या सुट्ट्यांसाठी छोट्या छोट्या शोभेच्या वस्तू. नवशिक्यांसाठी!"

मी! जिने नवऱ्याच्या शर्टाला बटण लावताना खिसाच शिवून टाकला होता!

सासूबाईंनी मान वर केली. क्रोशा म्हणजे त्यांचं राज्य. घरातल्या प्रत्येक उशीला त्यांच्या हातची झालर आहे. "मला विचारलं असतंस तर," एवढंच म्हणाल्या. लेक मात्र नाचायलाच लागली. खिडकीत टांगायला बारा चांदण्या पाहिजेत म्हणे, शाळेला सुट्टी लागायच्या आत.

खरं का नाही सांगितलं? नणंदेमुळे. तिचंही असंच सुरू झालं होतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण या घरात त्या आजाराचं नाव कुणी काढत नाही. टीव्हीवर जाहिरात लागली तरी नवरा उठून पाणी प्यायला जातो. नक्की काही कळेपर्यंत त्यांच्या जिवाला घोर कशाला?

मला मात्र भीती वाटते आहे. खूप.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पांढऱ्या जाड दोऱ्याचा गुंडा आणला. सुई कितव्या नंबरची, असं दुकानदाराने विचारलं. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसणारी बाई! नंबर म्हटल्यावर सवयीने "अडीच" म्हणाले. तर त्याने मुकाट्याने काढून दिली. असते म्हणे अडीचची.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सोनोग्राफीला दीड तास थांबावं लागलं. बाकावर मासिक उघडून बसले. दोन बोटं, एक सुई आणि दोऱ्याचा नुसता गुंता.

"ताई, सुई आहे ती, पान्हा नव्हे. एवढी आवळू नका."

शेजारी गणवेशातले एक काका. झुपकेदार मिशा, खिशाला अँब्युलन्सच्या किल्ल्या, आणि हातात — चांदणी! अर्धी विणलेली! मी बघतच राहिले. म्हणाले, "पेशंटला आत नेलं की आमचं काम संपतं, पण जीव तिथेच घुटमळतो. मग हाताला काहीतरी उद्योग लागतो." दरवर्षी सुट्ट्यांत मुलांच्या वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला त्यांची एक चांदणी लागते.

त्यांनी सुरुवातीचा फास शिकवला, मग साखळी. त्यांच्याकडे बघत बघत जसंच्या तसं केलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

गाठीचा नमुना घ्यावा लागेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. "घाबरू नका" असंही म्हणाल्या. ते ऐकूनच घाबरले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

साखळी जमते. साखळीच जमते. लेक म्हणाली, "आई, ही चांदणीची शेपटी का?"

बुधवार, २६ नोव्हेंबर

नमुना घेतला. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. बाहेर आले तर काका बाकावर. सरकून जागा दिली आणि म्हणाले, "चला, आज गोल."

पाच साखळ्या घालायच्या, टोकं मुक्या टाक्याने जोडायची. त्या गोलात खांब, म्हणजे उभे उंच टाके घालायचे. मग प्रत्येक टोकाला तीन साखळ्या वर, एक मुका टाका परत. बोलायला सोपं आहे! तीनदा उसवलं. काका म्हणाले, "उसवायची लाज वाटली की विणकाम संपलं." शेवटी चांदणी झाली एकदाची. मोजली तर चारच टोकं. मी रडकुंडीला आले. काकांनी गंभीर चेहऱ्याने ती उलटसुलट पाहिली. "पाचवं ढगाआड आहे."

एवढी हसले, की नर्सने काचेतून डोळे वटारले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच पोटातून हसले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी पाण्याची बादली उचलत होते, सासूबाईंनी हातातून काढून घेतली. "दे इकडे, तेवढाच मला व्यायाम." बरंच झालं, कारण उजवी बाजू अजून ठणकते आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

पकडले गेले! पूर्ण नाही, पण शेपूट अडकलं.

दुपारी गॅलरीत विणत बसले होते. आता पाच टोकं येतात, माझी मीच खूश. सासूबाई येऊन समोर बसल्या. माझे हात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तू लिहितेस उजव्या हाताने, कात्री धरतेस उजव्या हाताने. मग सुई डाव्या हातात कशी?"

मी हाताकडे बघितलं. खरंच की! काका डावखुरे. मी त्यांच्या शेजारी बसून, ते करतील तसंच करत गेले. इतक्या दिवसांत हे माझ्या ध्यानातही आलं नाही!

"शिकवणाऱ्या बाई डावखुऱ्या आहेत," मी म्हटलं.

"असतील. पण वर्गातली बाई पहिल्या दिवशी पहिलं काय बघते? मुलीने सुई कुठल्या हातात धरलीय ते. मी चाळीस जणींना शिकवलंय. हे वर्गातलं शिकणं नव्हे. हे बाकावर शेजारी बसून घेतलेलं शिकणं आहे."

त्यांनी चांदणी उचलली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. "टाके बाकी स्वच्छ आहेत. असू दे डावा हात." आणि उठून आत गेल्या. एक प्रश्न नाही! त्यांनी खडसावलं असतं तर परवडलं असतं.

बुधवार, ३ डिसेंबर

रिपोर्ट नाही. "पुढच्या आठवड्यात या." काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, तुझ्या आईचा असता तर? नंतर वाईट वाटलं, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

काका कॉलवर गेलेले. बाकावर एकटीने तीन चांदण्या केल्या. भीतीने दोरा इतका आवळला गेला, की तिसरी शर्टाच्या बटणाएवढी झाली.

शनिवार, ६ डिसेंबर

नऊ झाल्या. झोप नाही.

बुधवार, १० डिसेंबर

साधी आहे! साधी आहे! साधी आहे!

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. काढायचीसुद्धा गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवायचं फक्त. मी "बरं" म्हटलं, दुकानात कुणी फ्रेम परत करायला आलं की म्हणते तसं. बाहेर आले आणि बाकावर बसून भोकाड पसरलं. काका धावत आले. त्यांना वाटलं, झालं ते वाईटच झालं. कागद दाखवला तर मिशा पुसायला लागले. म्हणाले, "ताई, या बाकावर रडणारे पुष्कळ पाहिले. असं रडणं वर्षातून दोन-चारदाच दिसतं."

घट्ट विणलेली ती बटणाएवढी चांदणी त्यांना दिली. त्यांनी अँब्युलन्सच्या आरशाला टांगली आणि लगेच कॉल आला म्हणून निघूनही गेले. मला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही.

येताना चालत आले. रस्त्यावर प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं. भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही, तो चक्रावला. घरी जाहीर केलं — वर्ग संपला! नवरा म्हणाला, "पास झालीस का?" म्हटलं, पहिल्या नंबराने!

शनिवार, १३ डिसेंबर

आज सासूबाईंनी स्वतः खळ शिजवली. बाराही चांदण्या बुडवून, जुन्या उशीवर ताणून, टोकाटोकाला टाचण्या लावल्या. एरवी लुळ्या पडतात म्हणे. सगळ्या माझ्या डाव्या हातामुळे उलट्या बाजूला वळलेल्या, तरी चार टोकांचीही त्यांनी काढू दिली नाही. "पहिली कधी टाकायची नसते."

सांगून टाकावं असं चार वेळा ओठांवर आलं. पण किती हलकं वाटत होतं! लेक गुणगुणत टाचण्या देत होती, नवऱ्याने चहा केला, तोही साखर विसरून. कुठे त्या आजाराचं नाव काढायचं! इडापिडा टळली, आता गप्प बसायचं.

मंगळवार, १६ डिसेंबर

खिडकी भरली! लेक शेजारच्या पोरांना खालून दाखवत होती — "माझ्या आईने केल्यात!" आठ तास गाढ झोपते आहे हल्ली. भूक लागते. नवऱ्याशी भांडलेसुद्धा. सगळं पूर्वीसारखं.

बुधवार, १७ डिसेंबर

नवरा कामावर, लेक शाळेत. मी लोळत पडले होते. सासूबाई बाहेरचे कपडे करून, पर्स घेऊन खोलीच्या दारात आल्या.

"तुझा रिपोर्ट चांगला आला ना?"

मी नुसती मान हलवली.

"मग आता मला ने त्या डॉक्टरणीकडे. माझी डाव्या बाजूला आहे. मागच्या महिन्यात सांगणारच होते, तेवढ्यात तुझा वर्ग निघाला. म्हटलं, आधी तुझं होऊ दे. या घराला एका वेळी एकच झेपेल."