चोविसावी नळी

२ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. पहाटे पाचला उठणे. चहात साखर बंद. त्या टायवाल्या सल्लागाराशी वाद घालायचा नाही. सुपरहीटर. पहिले तीन नाही जमले तरी चालेल, त्यांत दुसऱ्यांचा संबंध येतो. चौथा सर्वस्वी माझा आहे.

आज मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं. आपल्या बॉयलरची वाफ टर्बाइनपर्यंत पोहोचते तेव्हा पुरेशी तापलेली नसते. ओलसर वाफेने टर्बाइनची पाती खराब होतात. वाफेला पुन्हा आगीजवळच्या नळ्यांतून फिरवून कोरडी कडक करणं हे सुपरहीटरचं काम, आणि आमचा सुपरहीटर म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा, आवाज भरपूर, काम काही नाही. मार्चपर्यंत वाफ चारशे डिग्रीला गेली नाही तर बाहेरच्या कंपनीचा नवा बॉयलर येणार आणि डिझाइन विभाग बंद होणार. डिझाइन विभाग म्हणजे मी आणि ड्राफ्ट्समन. मी हात वर केला. म्हणालो, मी करून दाखवतो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जळतात.

घरी हिला सांगितलं. तीही काहीतरी सांगत होती. दुसऱ्या गावातल्या शाळेने तिला मुख्याध्यापिका म्हणून विचारलंय. इतकी वर्षं फळ्यासमोर काढली, आता खुर्ची चालून आली, म्हणाली. म्हणालो, उत्तम. पण सगळं ट्रायलनंतर.

४ जानेवारी
पाचला उठलो. पावणेआठला परत उठलो.

९ जानेवारी
डिझाइन डोक्यात तयार. इतकं सोपं, की आधी कोणाला सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं. जुन्या सुपरहीटरला बारा नळ्या. मी चोवीस घेतो. नळ्या दुप्पट, उष्णता दुप्पट. ज्या जाड पाइपातून वाफ या नळ्यांत वाटली जाते तो हेडर मात्र तोच ठेवायचा. तो बदलायचा म्हणजे अर्धा बॉयलर खोलावा लागतो, आणि चांगल्या गोष्टीला हात का लावा?

ड्राफ्ट्समनला दाखवलं. तो म्हणाला, वा साहेब. त्याचं टोपणनाव खोडरबर. कालचं मत आज इतक्या स्वच्छपणे पुसतो, की कागदावर डागही राहत नाही. पण माणूस पारखी आहे.

१७ जानेवारी
टायशी वाद झाला. मी घातला नाही, तो झाला.

टाय म्हणजे साहेबांनी आणलेला सल्लागार. वय माझ्या निम्मं. भट्टीसमोरही टाय सोडत नाही. ड्रॉइंग बघून म्हणाला, दार तेच ठेवून माणसं दुप्पट केलीत, मागच्यांपर्यंत काही पोहोचणार नाही. जवळच्या नळ्या सगळी वाफ ओढतील आणि शेवटच्या उपाशी राहतील. मग एकदम शिकवणीच सुरू केली. म्हणे, नळीतून वाहणारी वाफच नळीला थंड ठेवते, वाफ कमी गेली की नळी स्वतः भाजते.

वाफेने थंडावा! उद्या म्हणेल आगीपाशी बसा, गारठून जाल. मी म्हणालो, तोंडाची वाफ दवडू नका, बॉयलरला कमी पडतेय. सगळे हसले. खोडरबर सर्वांत मोठ्याने. टाय हसला नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना विनोद कळत नाही.

२४ जानेवारी
ही दोनदा विचारून गेली, की शाळेला काय कळवू. त्यांना महिनाअखेर उत्तर हवंय. मी कागदावर मोजमाप करत होतो. म्हणालो, बघू. बायकांना एक गोष्ट समजत नाही, की पुरुषाच्या डोक्यात एका वेळी एकच भट्टी पेटते.

माझं गणित असं आहे. ट्रायल यशस्वी. मी चीफ इंजिनियर. मोठं क्वार्टर. मग हिला कशाला दुसऱ्या गावी जाऊन मान मोडायची? हे तिला अजून सांगितलेलं नाही. एकदम आश्चर्याचा धक्का देणार.

३० जानेवारी
शाळेच्या संस्थेचे सचिव फोनवर होते. ही बाजारात गेली होती. गोड माणूस. बाईंचा निर्णय काय, म्हणाले. मी म्हणालो, सध्या घरी जरा मोठं काम सुरू आहे, या वर्षी त्यांना जमेल असं वाटत नाही. ते म्हणाले, अरेरे. मी म्हणालो, हो ना.

खोटं काही बोललो नाही. जमेल असं मला वाटत नाही, एवढंच सांगितलं.

हिला आज सांगायचं राहून गेलं. उद्या सांगणे.

३ फेब्रुवारी
बॉयलर बंद करून काम सुरू. जुन्या नळ्या बाहेर, नव्या आत. वेल्डिंगवाले शिव्या घालतात, दाटीत हात जात नाही म्हणे. हात नाही गेला तरी वाफ जाईल. वाफेला काय, फट मिळाली की पळते.

टायने लेखी हरकत घेतली. साहेबांनी मला बोलावून विचारलं, खात्री आहे ना? म्हणालो, हातच्या काकणाला आरसा कशाला. ते म्हणाले, मला काकण नको, चारशे डिग्री हवेत. रसिकता कमी आहे माणसात.

हिला सांगणे. सवडीने.

१० फेब्रुवारी
साखर बंद. म्हणजे ऑफिसात. घरी चालू, कारण घरी ती आधीच घातलेली असते.

अलीकडे घरात शांतता आहे. ही शाळेबद्दल विचारत नाही. मी सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण ती भांडी घासत होती, नंतर वह्या तपासत होती. न सांगता तिला पटलं म्हणायचं. तीस वर्षांच्या संसारात एवढं समजतं माणसाला. आता मुद्दाम विषय काढून खपली कशाला काढा?

२० फेब्रुवारी, दुपारी
वाफ चढवली. हा दिवस कारखान्याच्या इतिहासात नोंदला जाईल.

पहिल्या नळीवर थर्मामीटर, बाराव्या नळीवर एक, चोविसावीवर एक. शिवाय टर्बाइनकडे जाणाऱ्या मुख्य पाइपवर जुना एक आहेच. पहिली नळी तीनशे वीस. बारावी तीनशे पन्नास. चोविसावी, चारशे तीस! डोळ्यांत पाणी आलं. चारशे मागितले होते, वर तीस फुकट.

मुख्य पाइपवरचा मात्र तीनशे पंचेचाळीसच्या वर जात नाही. पूर्वी तीनशे चाळीस होता. तो थर्मामीटर बिघडलाय. टाय म्हणाला, नवाच आहे, मागच्या महिन्यात बसवला. मग नव्यातच दोष असेल. आजकाल माल कसा येतो सगळ्यांना माहीत आहे.

२१ फेब्रुवारी
चोविसावी चारशे पस्तीस.

घरी सांगितलं. ही म्हणाली, बरं. माझ्या यशाने तिला भरून आलं असावं, जास्त बोलवलं नाही.

१ मार्च
चोविसाव्या नळीपाशी रोज दहा मिनिटं उभा राहतो. वर्गात एखादाच हुशार निघतो, तशी आहे ती. बाकीच्या आळशी. पहिली नळी तर नुसती वाफ गिळते आणि तापमान दाखवायला तयार नाही. उपाय सापडला. भट्टी वाढवायची. आग वाढली की आळशीही वर येतील. एकीला जमलं ते तेवीस जणींना का जमू नये?

टाय आज हात जोडून आला. अक्षरशः हात जोडले. म्हणाला, ती नळी हुशार नाही, ती मरतेय, आग वाढवू नका. मला त्याची कीव आली. दुसऱ्याचं यश बघवत नसलं की माणूस इतका खाली येतो. मी त्याला चहा पाजला. साखर घालून.

५ मार्च
ट्रायल ठरली. नऊ तारखेला. साहेब स्वतः येणार. मुख्य पाइपवरच्या थर्मामीटरला फडकं गुंडाळून ठेवलंय. दिशाभूल करणारं उपकरण उघडं ठेवणं बरोबर नाही.

हिला म्हणालो, नऊला तूही ये कारखान्यात, नवऱ्याचं कर्तृत्व बघ. म्हणाली, नऊला मला काम आहे. काय काम, ते विचारायचं राहिलं. भाषणाची तयारी चालली होती.

९ मार्च, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. पाचला खरोखर उठलो. शुभशकुन. परतल्यावर हिला चीफ इंजिनियरचं सांगणार, आणि शाळेचंही सांगून टाकणार. आनंदाच्या भरात दुसरं लहान वाटेल.

९ मार्च, संध्याकाळी
थोडक्यात लिहितो.

साहेब आले. भाषण झालं. आग वाढवली. चोविसावीचा काटा पाचशेवर गेला, मी साहेबांना बोट दाखवलं. पाचशे चाळीस. मग डायलवरची जागा संपली म्हणून काटा थांबला. साहेब म्हणाले, छान आहे का हे? मी म्हणालो, अद्भुत आहे.

तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा नव्हता. कोणी जाड कापड टरकन फाडावं तसा. मग फुत्कार. टाय ओरडला, मागे व्हा. त्या वाफेचं असं आहे, की ती दिसत नाही. दिसते ती थंड होत आलेली, पांढरी. खरी तापलेली डोळ्यांना कळतच नाही. सगळे मागे पळाले. कोणाला इजा झाली नाही. मी जागेवर उभा होतो. टायने कॉलर धरून मला ओढलं. शर्टाची इस्त्री गेली.

कारखाना बंद. गडबडीत कोणीतरी मुख्य पाइपवरचं फडकं काढलं होतं. तीनशे अठ्ठेचाळीस.

घरी आलो. ही नव्हती. टेबलावर झाकून ठेवलेलं जेवण.

१० मार्च
नळीचं स्टील खराब होतं. दुसरं काही असूच शकत नाही. सप्लायरला झापतो.

हिचं कालचं काम कळलं. ती त्या शाळेत जाऊन आली. मी विषय काढला, की त्यांचा मागे फोन आला होता, गडबडीत सांगायचं राहून गेलं. ती वह्या तपासत होती. पेन खाली ठेवलं.

म्हणाली, "मला तीस जानेवारीलाच कळलं होतं. सचिवांनी संध्याकाळी परत फोन केला, तुम्ही आंघोळीला होतात."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तेव्हाच त्यांना हो म्हणायचं होतंस.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मला ती खुर्ची हवी होती. पण त्याहून हे हवं होतं, की तुम्ही स्वतःहून सांगावं."

आणि मग पेन उचलून पुढची वही घेतली. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. भांडण झालं असतं, मिटलं असतं. गप्प माणसाशी कसं भांडायचं?

१६ मार्च
सप्लायरने स्टीलची तपासणी पाठवली. उत्तम स्टील आहे.

खुर्ची दुसऱ्या बाईंना मिळाली. हिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. हिने त्याच शाळेत साध्या शिक्षिकेची जागा घेतलीय. नऊ तारखेला तीच ठरवायला गेली होती. मी म्हणालो, मुख्याध्यापिका व्हायचं तिथे कोणा पोरीच्या हाताखाली राबणार, लोक काय म्हणतील? म्हणाली, हाताखाली राहायची सवय आहे, निदान तिथे पगार मिळतो. एवढं बोलून भाजी निवडायला बसली. मला राग आला. नंतर कळलं, की राग नव्हता तो. भीती होती.

२२ मार्च
नव्या बॉयलरचा करार झाला. डिझाइन विभाग बंद. खोडरबर टायच्या हाताखाली गेला. जाताना म्हणाला, साहेब, मला आधीपासून शंका होती. साहेबांनी मला ठेवलंय, नवा बॉयलर येईपर्यंत. काम एकच. नळी का फुटली ते लिहून द्यायचं.

२९ मार्च
चार वेळा लिहिलं, चारही वेळा कोणाकोणाचे दोष लिहिले. फाडले. आज पाचव्यांदा बसलो. फुटलेल्या नळीचा तुकडा टेबलावर होता. फुटला तिथे पापुद्र्याइतका पातळ झालेला, फुग्यासारखा फुगून. तिला वाफ मिळतच नव्हती. जेवढी कमी मिळत होती तेवढी ती जास्त तापत होती, आणि मी रोज समोर उभा राहून शाबासकी देत होतो. हे लिहून दिलं. साहेबांनी वाचून सही केली. म्हणाले, हे आधी कळलं असतं तर. टाय तिथेच होता. त्याने कागद वाचून परत दिला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ही सकाळच्या गाडीने गेली. दोन बॅगा. स्टेशनवर येतो म्हणालो, नको म्हणाली. तरी गेलो. बॅग मी उचलली, तिने उचलू दिली.

१२ एप्रिल
दुपारी हिचा फोन. मी विचारलं, कशी आहेस. म्हणाली, मजेत.

एरवी इथे लिहिलं असतं, की मजेत आहे.

आणखी काहीतरी विचारायला हवं होतं. काय विचारायचं ते सुचेपर्यंत तिने फोन ठेवला.