दादाच्या झोपण्याच्या जागेबाबत

मी, खाली सही करणारा, घरचा धाकटा, वय सव्वीस, शाळा सातवीपर्यंत, धंदा वेल्डिंग, सध्या परगावी बांधकामावर. एका जागी ठरत नाही म्हणून घरात मला भिंगरी म्हणतात. हा कागद मी राजीखुशीने लिहीत आहे. कोणी दारू पाजलेली नाही, कोणी दम दिलेला नाही. डोकं ठिकाणावर आहे असंही लिहावं लागतं म्हणे. आहे. फक्त तापलेलं आहे.

कारण असं. गेल्या आठवड्यात आमच्या पाळीतला एकजण परांचीवरून पडून गेला. त्याची पेटी कोणाला पाठवायची हे कोणालाच ठाऊक नाही. ती अजून स्टोअरमध्ये पडून आहे. क्रेन चालवणारे उस्ताद म्हणाले, "पोरांनो, लिहून ठेवा. तोंडी इच्छा इतक्या लांब पोचत नाहीत." माझ्या मागे पेटी नाही, माणूस आहे. माझा थोरला भाऊ, दादा. बारा वर्षं आजारी आहे. त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात, आणि गेली तीन वर्षं तो बसथांब्यावर राहतो. मी गेलो तर त्याने कुठे झोपायचं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम १. खोली. आईने जाताना एक खोली आणि पुढची ओसरी माझ्या नावावर केली, कारण सहीच्या दिवशी दादा सापडला नाही. सध्या तिथे शिकवणीवाले मास्तर भाड्याने आहेत. दादा जरा बरा झाला की त्याला आणायचं असं माझं ठरलेलं होतं. माझ्या मरणानंतर ही खोली दादाची. त्याने दाढी करावी, शहाण्यासारखं वागावं, अशी कसलीही अट नाही. ओसरीत इस्त्रीवाल्या मावशींनी हयातभर बिनभाड्याने दुकान लावावं. मावशी आमच्या नात्यातल्या नाहीत. त्यांची इस्त्रीची गाडी थांब्यासमोर असते आणि दादा गोळी घेतो तेव्हा फक्त त्यांच्या हातून घेतो. बँकेत जे काही असेल ते त्याच्या औषधाला. मावशींना कोणी हिशेब विचारू नये.

कलम २. हत्यारं. वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर माझ्या शटरवाल्या दोस्ताला. त्याने एक काम करायचं आहे. परगावी येण्याआधी मी पालिकेच्या ठेकेदाराकडे होतो. थांब्यांवरच्या बाकांना मधोमध लोखंडी दांडे जोडायचे होते. मुकादम म्हणाला, "म्हाताऱ्यांना हात टेकायला." मला पटलं. वर मन लावून केलं, वेल्डिंगचा एक टाका कच्चा सोडला नाही. चार दिवसांनी पाहतो तर दादा त्याच्या नेहमीच्या चार नंबरच्या बाकाखाली फरशीवर. वर आडवं होता येत नव्हतं. मी विचारलं तर म्हणतो, "कोणीतरी फार पक्कं काम केलंय रे." दोस्ता, चार नंबरच्या बाकाचा दांडा कापून टाक. पोलिसांनी विचारलं तर माझं नाव सांग. मला काय पकडणार आहेत!

कलम ३. काका. यांना माझी शिडी द्यावी. दादा माळ्यावर झोपायचा तेव्हा यांनी शिडी काढून अंगणात नेऊन ठेवली होती. शिड्यांची आवड आहे त्यांना. खोलीवर मात्र त्यांचा काडीचा हक्क नाही.

कलम ४. पालिका आणि इस्पितळ. यांना मी काही देत नाही, फक्त सुनावतो. निवाऱ्यात दादाला घेऊन गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "डॉक्टरचा दाखला आणा, हा त्रास देणार नाही असा." इस्पितळात गेलो, तर तिथली बाई, "राहायचा पत्ता सांगा, मग नाव चढवते."

मी म्हणालो, "बाई, पत्ता असता तर निवाऱ्यात कशाला गेलो असतो?"

दादा शांतपणे म्हणाला, "चार नंबरचा बाक लिहा. सगळे ओळखतात."

एकदाच भरती केलं, बारा दिवस. तीन दिवसांच्या गोळ्या आणि दोन महिन्यांनंतरची तारीख देऊन सोडलं. मग स्वच्छतेची गाडी आली आणि गोधडीबरोबर त्या गोळ्याही कचऱ्यात गेल्या. आता सांगा, आजारी कोण?

एकच गोष्ट लागू पडली होती. एक नर्सताई दर मंगळवारी थांब्यावर यायच्या. बाकावर शेजारी बसायच्या, आधी गप्पा, मग इंजेक्शन. आठ महिने दादा माणसात होता. बादली मागून घेऊन आंघोळ करायचा. मग ताईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. साहेब, हलत्या लोखंडावर टाका बसत नाही हे सातवीवाल्याला कळतं. माणसाला आधी एका जागी टेकू द्या. दाराला आतून कडी द्या, आणि औषध देणारा माणूस दर महिन्याला बदलू नका. हुसकून लावलेला माणूस बरा होत नाही, पुढच्या थांब्यावर जातो.

कलम ५. इथवर लिहून झाल्यावर जेवणाच्या सुट्टीत मावशींना फोन केला. त्यांची कबुली हवी होती. कलम १ वाचून दाखवलं.

"मेल्या, दुकान दे की सरळ! मधे मरण कशाला घालतोस?" मावशी कडाडल्या. मग म्हणाल्या, "थांब, हा इथेच उभा आहे. सगळं ऐकलंय त्याने."

दादा फोनवर आला. "खोली माझी?"

"हो दादा."

"तू मेल्यावर?"

"हो."

"मग तू मरेपर्यंत मी कुठे झोपू?"

मी म्हणालो, "अरे, आपलं ठरलंय ना? सहा महिने गोळ्या नीट घे, मग..."

"बाकावर गोळ्या राहत नाहीत रे, भिंगऱ्या."

मी फोन ठेवला आणि कलम ४ पुन्हा वाचलं.

कलम ४ मधला एकही शब्द मी मागे घेत नाही. फक्त त्या यादीत माझंही नाव धरावं. मास्तरांना लगेच फोन करून महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं आहे. भले माणूस, म्हणाले, ओसरी आजच घ्या. मावशी खाट टाकत आहेत. म्हणून कलम १ मधले "माझ्या मरणानंतर" हे शब्द मी खोडले असून त्या जागी "आजपासून" असं लिहून बाजूला सही केली आहे. उस्ताद म्हणतात, मग याला मृत्युपत्र म्हणता येणार नाही. नका म्हणू.

सही: भिंगरी, दादाचा धाकटा भाऊ

साक्षीदार पहिला: क्रेनचे उस्ताद. सही केली. कायद्याचं मत वेगळं आहे.

साक्षीदार दुसरा: बराकीतला सुतार. खाडाखोड माझ्यासमोर झाली.

ठिकाण: कामगारांची बराक, जिन्याखालचं टेबल
तारीख: चौदा, बुधवार, जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा व्हायच्या आत